रसाळ आणि खमंग

दिवाळीला माहेरी, युसूफ वडगावला गेले होते. भाऊबीज उरकली, पाहुणे पांगले आणि दुपारी भाची इंग्रजीची वही घेऊन ओसरीवर आली. मी शाळेत मराठी शिकवते, म्हणून कुठल्याही भाषेतल्या कुठल्याही शब्दाचा जाब मलाच विचारायचा, अशी तिची रीत.

“आत्या, ज्यूसी म्हंजी रसाळच ना गं?”

“हो की.”

“मग मी ‘ज्यूसी गॉसिप’चं ‘रसाळ चहाड्या’ केलं, तर सरांनी खोडलं. काय चुकलं ते लिहिलंबी न्हाई.”

वही हातात घेतली. शब्दकोशाच्या हिशेबानं पोरीचं काहीच चुकलं नव्हतं. ज्यूस म्हणजे रस, ज्यूसी म्हणजे रसाळ. इंग्रजीत फळ ज्यूसी असतं, तशी दुसऱ्याच्या घरातली भानगडही ज्यूसी असते. तरीही ‘रसाळ चहाड्या’ वाचताना माझा कान अडखळलाच. मराठीत या शब्दाच्या सोयरिकी ठरलेल्या आहेत. आंबा रसाळ, ऊस रसाळ आणि वाणी रसाळ. गावात सप्ताह बसला की पत्रिका छापतात, तिच्यावर महाराजांच्या नावापुढे ‘यांच्या रसाळ वाणीतून’ हे शब्द असतातच. ते पत्रिका छापणाऱ्याला सुचलेले नसतात, फार लांबून चालत आलेले असतात. आमच्या जवळच्या अंबाजोगाईला डोंगरकपारीत मुकुंदराजांची समाधी आहे. त्यांचा ‘विवेकसिंधु’ परंपरेनं शके 1110 चा, म्हणजे 1188 सालचा मानतात. तेव्हापासून आमच्या भागातल्या माणसांनी ब्रह्मज्ञानसुद्धा ऐकलं ते मायबोलीत, आणि ऐकताना गोड लागलं म्हणून त्याला रस म्हटलं. तो शब्द चहाडीला द्यायला कोणाची जीभ उचलेल?

“मग चहाडीला काय म्हणायचं?” भाचीनं विचारलं.

“खमंग,” मी म्हटलं. फार विचार न करता म्हटलं.

वर्तमानपत्रात ‘खमंग चर्चा’ असते, कुठलीशी बातमी ‘चमचमीत’ असते, किस्सा ‘चटकदार’ असतो. सांगणारा तिखटमीठ लावून सांगतो, फोडणी देतो, ऐकणारा चवीनं चघळतो. दुसऱ्याच्या आयुष्यातल्या अडचणीसाठी आपण अख्खं स्वयंपाकघर कामाला लावलेलं आहे. वहीकडे बघता बघता मला एक फरक दिसला आणि तो मनातून हलेना. रस फळाच्या आत असतो. आंबा पिळला की बाहेर येतो, तो कोणी घातलेला नसतो. खमंगपणा मात्र आचेवर चढतो. दाणा कच्चा असतो तेव्हा खमंग नसतो. त्याला तवा लागतो, विस्तव लागतो, हलवणारा हात लागतो, आणि जळण म्हणून दुसरं काहीतरी जावं लागतं. इंग्रजी शब्द म्हणतो की ती गोष्ट मुळातच रसानं भरलेली होती, आम्ही फक्त चाखली. मराठी शब्द कबूल करतो की ती कोणीतरी भाजली. मला मराठी शब्द जास्त प्रामाणिक वाटला. पण तोही पुरा नाही, कारण भाजलं काय गेलं, हे तो सांगत नाही.

ते मी भाचीला सांगितलं नाही. मला एकदम हुरडा आठवला होता.

1998 च्या जानेवारीतली गोष्ट. मी अंबाजोगाईला कॉलेजात होते. संक्रांतीला गावी आले, तर चुलत्यांच्या शेतात हुरडा होता. ज्वारीची कणसं दाण्यात आलेली, थंडी कडक. आगटीत गोवऱ्यांचा विस्तव, त्यात कणसं खुपसलेली, कोणीतरी ती तळहातावर चोळून दाणे काढून देतंय, बाजूला जवसाची चटणी आणि गूळ. हुरड्याच्या वासाला खमंग हा एकच शब्द आहे, दुसरा शोधू नये. त्या वासात, ऊस घेऊन जाणाऱ्या एका ट्रॅक्टरवाल्यानं आणलेली बातमी फिरत होती.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक कुटुंब राहायचं. दोघं नवराबायको दर दसऱ्यानंतर कोयत्यावर जायची. आमच्याकडे नवराबायकोच्या जोडीलाच कोयता म्हणतात. मुकादमाकडून उचल घ्यायची, सहा महिने कोल्हापूर-सांगलीकडे नाहीतर कर्नाटकात फडात राहायचं, उसाच्या मोळ्या डोक्यावर वाहायच्या, आणि पाडव्याच्या आसपास परत यायचं. बीड जिल्ह्यातली अर्धी गावं हिवाळ्यात अशी ओस पडतात. म्हातारी माणसं आणि शाळकरी पोरं उरतात. त्या बाईला मी वहिनी म्हणायची. त्या वर्षी वहिनी पौषातच परत आली. एकटी. टोळी तिकडे फडात, नवरा तिकडे, आणि ही एसटीतून उतरून, डोक्यावर गाठोडं घेऊन, कोणाशी न बोलता घरात गेली आणि दार लावून घेतलं.

एवढाच कच्चा दाणा होता. आगटीभोवती तो भाजला गेला. ट्रॅक्टरवाल्यानं म्हणे तिला कुठल्याशा स्टँडवर कोणाशीतरी बोलताना बघितलं होतं. पुढच्यानं ‘कोणाशीतरी’चं नाव घातलं. त्याच्या पुढच्यानं नवऱ्यानं हाकलल्याचं सांगितलं. एका काकूनं हळूच पोटाकडे हात करून दाखवला. मी कॉलेजात जाणारी, कविता वाचणारी मुलगी. मी हसले. नुसती हसले नाही, ‘पौषात माहेरी नाही येत गं कुणी, सासरीच आली ना’ असं काहीतरी टोकदार बोलले आणि सगळे आणखी हसले. त्या हशाचं मला तेव्हा कौतुक वाटलं होतं. कणीस माझ्या हातात होतं आणि हात काळे झाले होते, हे अजून दिसतं.

घरी आल्यावर तेच मी आईला सांगत होते. शेजारच्या चाची भिंतीपलीकडे भांडी घासत होत्या. आमची दोन्ही घरं एका भिंतीची. त्यांनी हाक मारली, “इकडं ये बेटा, बस.” मला वाटलं तिळगूळ देणार. त्यांनी गोष्ट सांगितली.

गोष्ट युसूफची. आमच्या गावाच्या नावात अर्धा अरबी आणि अर्धा मराठी शब्द आहे, आणि लहानपणापासून तोंडात बसल्यामुळे त्यातला युसूफ मला कधी वेगळा दिसलाच नव्हता. कुराणातला बारावा अध्याय युसूफच्या नावाचा आहे. मिसरमधल्या एका मोठ्या सरदाराच्या घरी तो गुलाम म्हणून वाढला. मालकिणीचं मन त्याच्यावर गेलं. शहरातल्या बायकांना ते कळलं आणि बोभाटा झाला, की बघा, इतक्या मोठ्या घरची बाई आणि एका पोरावर भुलली. मालकिणीच्या कानावर ते गेलं. तिनं भांडण काढलं नाही. सगळ्यांना जेवायला बोलावलं, बैठक मांडली, प्रत्येकीच्या हातात एकेक सुरी दिली. सांगणारे त्यात फळंही घालतात, चाचींनी संत्री घातली. बायका सोलत बसल्या असताना तिनं युसूफला हाक मारली, बाहेर ये. त्याचं रूप बघून त्या बायकांचं भान गेलं आणि सुऱ्या स्वतःच्याच हातावर चालल्या.

“रस कुठला अन् रगत कुठलं, कळलं न्हाई त्यांना,” चाची म्हणाल्या. त्यांनी राखेचा हात धुतला. “जा आता. अभ्यास कर.”

मला तेव्हा गोष्ट कळली, चाचींनी ती का सांगितली ते कळलं नाही. वहिनीबद्दल त्यांनी एक अक्षर काढलं नव्हतं.

अफवा हा शब्द अरबीतून आलेला आहे आणि त्याचा मूळ अर्थ ‘तोंडं’ असा आहे. नुसती तोंडं, अनेकवचनी. चुगली फारसीतून आली. अंबाजोगाईला निजामाच्या राज्यात मोमिनाबाद म्हणायचे, आणि त्या काळात कचेरीचे शब्द जसे आमच्या बोलीत आले तसे हेही आले असतील, पण आम्हांला उसने घ्यायची गरज नव्हती. चहाडी, कागाळी, कुचाळकी, कुटाळकी, लावालावी, उखाळ्यापाखाळ्या, बोभाटा, वावड्या, कंड्या, भुमका. मोजायला बसले तर संध्याकाळ होईल. आणि माणसांना लावायची विशेषणं बघावीत. इंग्रजीत अशा माणसाला ‘गॉसिपी’ म्हणतात, तो शब्द बाईलाही लागतो आणि पुरुषालाही. आमच्याकडे भोचकभवानी आहे, आणि तिला नवरा नाही. पारावर बसून चार पुरुष एखाद्या घराची अब्रू काढतात, त्याला गावात चर्चा म्हणतात. हापशावर दोन बायका बोलल्या की त्या ‘बायकांच्या गप्पा’. वहिनीची बातमी ट्रॅक्टरवाल्यानं आणली होती, हे मी कधी विसरत नाही.

या सगळ्या शब्दांत मला सगळ्यात जड वाटतो तो ‘आळ’. तो चविष्ट नाही. तो सांगणाऱ्याच्या जिभेकडून येत नाही, ज्याच्यावर येतो त्याच्या बाजूनं बोलतो. आळ येतो, आळ घेतात, आळ सोसावा लागतो. जनाबाई आमच्या शेजारच्या परभणी जिल्ह्यातली, गंगाखेडची. तिच्या जात्यावर विठ्ठल दळायला आला, जाताना त्याचं पदक तिथेच राहिलं, आणि लोकांनी तिच्यावर चोरीचा आळ घेऊन तिला सुळाकडे नेलं, अशी कथा बायका पिढ्यान्पिढ्या सांगत आल्या. कथेत सुळाचं पाणी होतं. दळणाऱ्या बाईच्या घरात रात्री कोण येतं, हा गावाला पडलेला प्रश्न मात्र कथेत तसाच राहतो, आणि मला वाटतं बायका ती कथा त्या प्रश्नासाठी सांगत असाव्यात.

वहिनीचं खरं काय झालं होतं, ते मला दीड वर्षानं कळलं. लग्न ठरल्यावर आईनं सांगितलं. लग्न ठरलेल्या मुलीला काही गोष्टी सांगायच्या असतात, त्यांतच ही एक. फडात वहिनीचं अंगावर जाणं थांबेना. जवळच्या एका दवाखान्यात नेलं, डॉक्टरनं कॅन्सरची भीती घातली आणि पिशवी काढली. वय तीसच्या आत. टाके ओले असताना टोळीत मोळी उचलायला उभी राहिली आणि कोसळली. खाडा पडला की मुकादम पैसे कापतो. उचल तर आधीच घरात खर्च झालेली. म्हणून नवरा एकट्याच्या अंगावर दोघांचं काम घेऊन तिकडेच राहिला आणि तिला एसटीत बसवून दिलं. स्टँडवर ती ज्याच्याशी बोलत होती तो कंडक्टर होता. ती त्याला विचारत होती की पुढची सीट मिळेल का, मागं फार हादरे बसतात.

हे गल्लीतल्या दोन-तीन बायकांना पहिल्या रात्रीपासून ठाऊक होतं. त्यांनी ते आपसांत कुजबुजून वाटून घेतलं, आणि आगटीपर्यंत पोहोचू दिलं नाही. पुरुषांसमोर पिशवीचा शब्द काढायची सोय नव्हती, आणि तो काढला असता तर वहिनी खोटी नाही ठरली तरी ‘रिकामी’ ठरली असती. खोट्या गोष्टीला तोंडं फुटली आणि खरी गोष्ट ओठांआड राहिली. दोन्हींना गावात एकच नाव होतं, बायकांच्या गप्पा.

पुढे वीस वर्षांनी ती ओठांआडची गोष्ट विधान परिषदेत पोहोचली. 2019 च्या जूनमध्ये आरोग्यमंत्र्यांनी सभागृहात सांगितलं की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत 4,605 गर्भाशयं काढली गेली. नंतर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीची पाहणी आली. तिच्यात ऊसतोडीच्या 82,309 बायकांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. तो आकडा मी पेपरात वाचला त्या सकाळी मला शाळेत शिकवता आलं नाही. देशभरातून पत्रकार आले, बाहेरच्यांना धक्का बसला. मला धक्का बसला नाही, लाज वाटली. हापशावर, जात्यावर, विहिरीच्या काठी हा आकडा कितीतरी वर्षं एकेकीनं वाढत होता. ‘तिची बी काढली म्हणं’ एवढ्या चार शब्दांत. ती आमच्या जिल्ह्याची आरोग्य-नोंदवही होती, आणि आम्ही शिकलेल्या बायका तिला कुचाळक्या समजून पुढे गेलो.

गी पॉयत्वँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आमच्या जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगरातही ही माणसं बसली, ऐकत राहिली. सासूचा जाच, भावाची आठवण, नवऱ्याचं वागणं, बाबासाहेब, विठ्ठल, सगळं त्या ओव्यांत आहे. जात्याची घरघर असते म्हणून बाहेरच्याला शब्द नीट कळत नाहीत आणि आतलीला बोलता येतं. लिहून घेणारं कोणी बसलं की त्याच बोलण्याला लोकसाहित्य म्हणतात.

त्या रात्री भाची झोपल्यावर मी मोबाईलवर इंग्रजी कोश उघडला. ज्यूसीचं समाधान झालं होतं. त्याच्यापुढचा शब्द राहिला होता, गॉसिप. बघते तर तो जुन्या इंग्रजीतला ‘गॉडसिब’. सिब म्हणजे नात्यातलं माणूस. मुलाला बाप्तिस्मा देताना देवासमोर त्याची जबाबदारी घेणारं, रक्ताचं नसलेलं पण देवाच्या नात्यानं आपलं झालेलं माणूस, तो गॉसिप. पुढे बाईच्या बाळंतपणाला जमणाऱ्या तिच्या मैत्रिणींना, शेजारणींना तो शब्द लागला. कळा देणाऱ्या बाईजवळ ज्या बसतात, तिचं कपाळ पुसतात, रात्र जागवायला काहीबाही बोलत राहतात, त्या गॉसिप. मग त्या दाराबाहेरच्या लोकांना प्रश्न पडला असेल की आत या एवढं काय बोलतात. हळूहळू शब्द माणसावरून बोलण्यावर गेला, आणि बोलणं हलकं ठरलं.

मी वाचून मोबाईल पालथा ठेवला. आमच्याकडेही सुईण असायची, शेजारणी असायच्या, पाचवीला सटवी पुजताना रात्रभर जागायच्या आणि बोलायच्या. त्या जागणाऱ्या बायकांसाठी मराठीत एक शब्द असायला हवा होता. मी बराच वेळ आठवत राहिले. मिळाला नाही.

दुसऱ्या दिवशी भाचीला घेऊन वहिनीकडे गेले. आता तिचं घर पक्कं आहे, दारात दोन शेळ्या. तोडीवर मुलगा आणि सून जातात. ती दोघं चारच दिवसांपूर्वी गेली होती, नातवंडं तिच्यापाशी ठेवून. वहिनीनं चहा टाकला. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं जे बोलायचं राहून गेलं होतं ते मी बोलून टाकलं. म्हटलं, “वहिनी, त्या हुरड्याला मी पण होते. मी पण हसले होते.”

तिनं चहा गाळला. “ठावं हाय की मला. तुमचं हसणं वळखू येतं लांबून.” मग माझ्याकडं न बघता म्हणाली, “लई दिवस झाले त्याला.”

मला पुढं काही सुचेना. चाचींचा विषय मीच काढला. त्यांना जाऊन आता सात वर्षं झाली.

“त्या रोज रातच्याला यायच्या,” वहिनी म्हणाली. “म्हातारी सासू, लहान पोर, अन् मला तर उठता बी येत न्हवतं. कंदील घेऊन यायच्या, दार लावायच्या, अन् उशाशी बसायच्या. पाडव्यापस्तोर. एक दिस चुकल्या न्हाईत.”

“काय बोलायच्या?” भाचीनं विचारलं.

“काय बी. कुणाची म्हैस आटली, कुणाची सून रुसली, कुणी कुणाची कोंबडी कापून खाल्ली. पाटलाच्या वाड्यातलं तर असं सांगायच्या, असं सांगायच्या...” वहिनीनं पदर तोंडाला लावला. “हसू आवरायचं न्हाई मला. म्हणायची, चाची, बास करा, टाके तुटतील.”